सोया सॉस कोणता, किती आणि कशाचा?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत चिनी पद्धतीच्या मटणाची पाककृती आली होती. साहित्यात 'सोया सॉस ४ मोठे चमचे' आणि लगेच खाली 'मीठ चवीनुसार', एवढंच. सॉस कोणता, पातळ की काळा, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आमच्या शेजारच्या वहिनींनी कात्रण ओट्यावर ठेवून, किलोभर मटण आणून ती केली. किराणा दुकानात त्यांना 'डार्क' लिहिलेली बाटली मिळाली होती. तीच त्यांनी चार मोठे चमचे ओतली आणि वर हाताच्या अंदाजानं मीठ घातलं. रात्री वाटी आमच्याकडे आली. रस्सा डांबरासारखा काळा, पहिल्या घासाला खारट आणि गिळताना कडू. वहिनी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, हे चायनीज काही माझ्या हाताला यायचं नाही." हात त्यांचा उत्तम आहे. पंधरा वर्षं त्यांच्या घरचा रस्सा आम्ही आवडीनं खातो. चूक त्या एका ओळीची होती आणि त्याहून जास्त त्या बाटलीची. ते नीट मांडावं म्हणून हे पत्र. जरा लांबेल. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण प्रमाणं तेवढी राहू द्या.

देवासकडच्या एका सोयाबीन प्लांटच्या लॅबमध्ये मी तेहेतीस वर्षं काढली. ट्रक आला की नमुना काढायचा, ओलावा बघायचा, सॉक्सलेट उपकरणावर तेल, केल्डाल पद्धतीनं नायट्रोजन मोजून प्रोटीन आणि तेल काढून उरलेल्या पेंडीत (आम्ही तिला डीओसीच म्हणतो) युरिएज (पेंड नीट भाजली गेली का ते सांगणारं एन्झाइम) आणि वाळू-सिलिका. आपल्या माळव्याच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रोटीन आणि २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. तेल आपल्या कढईत गेलं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि जहाजांतून परदेशी. आजोबा सांगायचे, त्यांच्या काळी इथली काळी जमीन पावसाळाभर पडीक ठेवत आणि पीक घेत ते गहू-हरभऱ्याचं. माझ्या उमेदीच्या वर्षांत तीच शेतं दसऱ्याच्या आधी पिवळी होऊ लागली. १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या इंदुरात आलं, १९९४ मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण आलं आणि पुढे गावोगाव तेच दिसू लागलं. एवढं सगळं जवळून बघूनही सोया सॉस म्हणजे नेमकं काय, हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं. चायनीजच्या गाडीवर बुचाला भोक पाडलेल्या बाटलीतून शिंपडतात ते काळं पाणी, एवढीच माझी ओळख.

२०१८ साली मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं चार महिने सिंगापूरला होतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये मूळच्या मलेशियातल्या पेनांगच्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहत. मजल्यावरची सगळी मुलं त्यांना 'आह-मा' म्हणत, म्हणून आम्हीही आह-माच म्हणू लागलो. त्यांना इंग्रजी मोडकंतोडकं, आमच्या हिला तेवढंही नाही, पण दोघींचं स्वयंपाकघरात काही अडलं नाही. त्यांच्याकडे दर शनिवारी मातीच्या भांड्यात मांस शिजायचं. नाव 'ताउ-यू-बाक'. त्यांच्या होक्कियेन या चिनी बोलीत 'ताउ-यू' म्हणजे अक्षरशः दाण्याचं तेल, आणि ते नाव त्यांनी दिलंय सोया सॉसला! आयुष्यभर मी सोयाबीनचं तेल काढलं आणि तिथे 'दाण्याचं तेल' म्हणून निघालं हे दुसरंच. त्यांच्या घरी हे डुकराच्या मांसाचं होई. आम्ही ते खात नाही हे कळल्यावर त्या आमच्यासाठी वेगळं भांडं ठेवून कोंबडीचं करू लागल्या.

एके दिवशी मी विचारलं, दोन-दोन बाटल्या कशाला? त्यांनी दोन पांढऱ्या बशा घेतल्या. एकीत पातळ सॉस चमचाभर, दुसरीत काळा. दोन्ही बशा तिरक्या केल्या. पातळ सॉस पाण्यासारखा झर्रकन खाली उतरला, बशी जवळजवळ कोरी. काळा सावकाश सरकला आणि मागे काकवीसारखा तांबूस-काळा पापुद्रा सोडून गेला. मग दोन्हींत माझं बोट बुडवून चाखायला लावलं. पातळ सॉस चांगलाच खारट. काळा त्यामानानं कमी खारट, थोडा गोडसर आणि जड. चिनीत पातळाला 'शेंगचौ' आणि काळ्याला 'लाओचौ' म्हणतात, म्हणजे नवा काढलेला आणि जुना, मुरलेला. काळा जास्त दिवस मुरवतात आणि त्यात उसाची काकवी किंवा जाळलेल्या साखरेचा पाक घालतात. पातळ चवीसाठी, काळा रंगासाठी आणि रस्सा अंगाला धरावा म्हणून. काळा मोठ्या चमच्यानं घ्यायचाच नसतो, चहाच्या चमच्यानं घ्यायचा. वहिनींच्या मटणाचं काय झालं ते इथेच कळतं.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. आपण रश्शाला कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजतो. ते तिखटासाठी नसतं आणि मिठासाठीही नसतं, रश्शाला रंग आणि वजन यावं म्हणून असतं. काळ्या सॉसचं काम तेच. आणि वाटण जरा जास्त जळलं की रस्सा कडू होतो, तसाच हाही जास्त झाला की कडू लागतो. आह-माच्या भांड्यात चक्रीफूल, दालचिनी आणि मिरी असायची. हिनं पहिल्याच दिवशी झाकण उघडल्यावर वास घेतला आणि म्हणाली, "अहो, हा तर आपल्या काळ्या मसाल्याचा भाऊ!" चिनी पाच मसाल्यांत जी सिचुआन मिरी असते ती तर मालवणकडे बांगड्याच्या कढीत घालतात त्या तिरफळाच्याच कुळातली. जीभ तशीच झिणझिणते.

आता मटणाची कृती देतो. चार वर्षं इथे इंदुरात करतोय, सूनबाईही करते.

बकऱ्याचं खांद्याचं आणि सीन्याचं मटण १ किलो, मोठे तुकडे, थोडी चरबी असू द्यावी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल आणि एक मोठा चमचा साखर मंद आंचेवर ठेवायची. साखर विरघळून मधाच्या रंगाची झाली की थांबायचं नाही, लगेच मटण टाकायचं. एक क्षण उशीर झाला की कडवटपणा तिथूनच सुरू होतो. मटणाला रंग चढला की आल्याचे चार-पाच जाड काप, लसणाचे दोन अख्खे गड्डे सालासकट (फक्त वरचा मळका पापुद्रा काढून), चक्रीफुलं दोन, बोटभर दालचिनी, दहा-बारा मिरे. मग पातळ सोया सॉस ३ मोठे चमचे आणि काळा सोया सॉस २ चहाचे चमचे. बस, एवढाच. मीठ अजिबात नाही. मटण बुडेल एवढं गरम पाणी, एक उकळी आणि झाकण ठेवून दीड ते दोन तास मंद आंच. घाई असेल तर कुकर चालेल, पण नंतर झाकण काढून रस्सा आटवायलाच हवा, कारण सगळी गंमत त्या आटण्यात आहे. शेवटच्या अर्ध्या तासात उकडून सोललेली चार अंडी सोडायची. ती बाहेरून बदामी होतात आणि कापली की आत पांढरं, कडेला एक तपकिरी रेघ. लसूण चमच्यानं दाबला की सालातून लोण्यासारखा बाहेर येतो. मीठ लागतंय का ते अगदी शेवटी चाखून बघायचं. आमच्या घरी आजवर लागलेलं नाही. सोबत साधा, मोकळा भात. पोळीशी हे जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. सूनबाई ज्वारीच्या भाकरीशी खाते आणि तिला ते आवडतं.

ज्यांच्याकडे मटण चालत नाही त्यांनी हाच रस्सा सुरण किंवा कच्च्या फणसावर करून बघावा. मटणापेक्षा खूप कमी वेळात होतो.

माशाचं मात्र वेगळं आहे आणि पुरवणीतल्या पाककृती इथे हमखास घोटाळा करतात. आमची ही अलिबागची, तिला जिताडा म्हणजे जीव की प्राण. सिंगापूरच्या बाजारात तोच जिताडा समोर आला तेव्हा तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आह-मा तो अख्खा वाफवायच्या. अर्धा-पाऊण किलोचा मासा, खाली-वर आल्याच्या बारीक काड्या, खळखळत्या पाण्याच्या वाफेवर आठ ते दहा मिनिटं. बशीत सुटलेलं पाणी ओतून द्यायचं, वर पातीच्या कांद्याच्या काड्या, दोन मोठे चमचे पातळ सोया सॉस, चिमूटभर साखर आणि शेवटी धूर येईपर्यंत तापवलेलं तेल वरून ओतायचं. चर्रर्र आवाज येतो आणि घरभर वास. आपण आमटीला वरून फोडणी देतो तसंच की हे! या माशाला काळा सॉस लावला तर पांढरा स्वच्छ मासा चिखलातून काढल्यासारखा दिसेल. इथे पातळच हवा.

इंदुरात ताजा जिताडा कुठला? आपल्याकडे रोहू-कतला. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास असतो, तिथे काळा सॉस उपयोगी पडतो. रोहूचे तुकडे आधी तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस तळायचे, मग आलं, लसूण, पातळ सॉस १ मोठा चमचा, काळा १ चहाचा चमचा, साखर १ चहाचा चमचा, थोडं व्हिनेगर आणि वाटीभर पाणी घालून पाच-सात मिनिटं मुरवायचे. अर्ध्या किलोला हे प्रमाण पुरतं. हिनं यात एकदा दोन तिरफळं ठेचून टाकली. मला वाटतं, त्यापुढे सिचुआन मिरीची गरजच नाही.

इंडोनेशियात ताडगुळासारखा गूळ घातलेला घट्ट गोड सोया सॉस असतो, त्यात लवंग-जायफळ घालून मांस शिजवतात, त्याला सेमुर म्हणतात. फिलिपिन्समध्ये सोया सॉस, व्हिनेगर, लसूण आणि मिरी घालून कोंबडी शिजवतात तो अडोबो, आणि व्हिनेगरमुळे तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. जपानी लोक मांस आणि बटाटे सोया सॉस-साखरेत शिजवतात, तो त्यांच्या घरचा रोजचा पदार्थ. हे सारं घरच्या आयांनी, आज्यांनी मंद आंचेवर करण्याचं अन्न आहे. गाडीवरच्या मोठ्या आंचेवर तीन मिनिटांत होणाऱ्या मंचुरियनशी त्याचा संबंध नाही. आणि कशाला लांब जायचं, आपल्याच नागालँडमध्ये आंबवलेल्या सोयाबीनचं अखुनी घालून मांस शिजवतात. त्या डोंगराळ भागात दाणा थोडा पिकतो, पण त्याचं काय करायचं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आपल्याकडे दाण्याचे डोंगर आणि आपल्याला माहीत नाही, हे मला फार लागतं.

आता त्या बाटलीबद्दल. वहिनींची बाटली मी मागून घेतली आणि भिंग लावून लेबल वाचलं. आपल्या कायद्याप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिलं पाणी, दुसरं मीठ, तिसरं साखर, चौथा कॅरॅमल रंग, मग आम्लता नियामक, मग हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन (म्हणजे फोडलेलं वनस्पती प्रोटीन), शेवटी संरक्षक. सोयाबीन हा शब्दच नव्हता, गहू नव्हता, आंबवण्याचा उल्लेख नव्हता.

खरा सोया सॉस असा होतो: सोयाबीन भिजवून शिजवायचं, गहू भाजून भरडायचा, दोन्हींवर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवायची आणि मग ते मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवायचं. बुरशीतली एन्झाइम्स प्रोटीन फोडून अमिनो आम्लं करतात आणि चव तिथून येते. दुसरी वाट झटपट. तेल काढलेली पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात शंभर अंशांच्या वर काही तास उकळायची, सोड्यानं आम्ल मारायचं, रंग आणि मीठ घालायचं. पेंडीत थोडीफार चरबी राहतेच. तिची आम्लाशी क्रिया होऊन ३-एमसीपीडी नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते आरोग्याला अपायकारक आहे. प्रक्रिया नीट सांभाळली तर ते खूप कमी ठेवता येतं. युरोपीय संघानं सोया सॉससाठी किलोला २० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातलेली आहे. मी कुणा एका कंपनीबद्दल बोलत नाही आणि वहिनींच्या बाटलीत ते किती होतं हे मी तपासलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की बाटली उचलताना ती उलटी फिरवून वाचा. 'सोयाबीन', 'गहू', 'मीठ' आणि 'नैसर्गिकरीत्या आंबवलेला' हे शब्द दिसले तर घ्या. काळ्या सॉसमध्ये साखर किंवा काकवी असणारच, तो दोष नव्हे. चीनमध्ये तर बाटलीवर अमिनो नायट्रोजनचं (म्हणजे फुटलेल्या प्रोटीनमधल्या नायट्रोजनचं) प्रमाण छापतात. १०० मिलीत ०.८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर सर्वांत वरची प्रत. आह-माच्या नातवानं ते मला वाचून दाखवलं तेव्हा माझ्या केल्डालची आठवण आली.

मिठाचंही बोललं पाहिजे. पातळ सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. चार चमचे सॉस आणि वर 'मीठ चवीनुसार', म्हणजे चार माणसांच्या घरात एकाच पदार्थातून प्रत्येकाचा निम्मा कोटा संपायला आला. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून हा हिशेब तोंडपाठ आहे. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, खऱ्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो.

सिंगापूरहून येताना मी बुरशीच्या विरजणाच्या दोन पुड्या आणल्या होत्या, बाजारात मिळतात त्या, सीलबंद. २०२१ च्या मार्चमध्ये आमच्या गच्चीवर २ किलो सोयाबीन आणि २ किलो गहू घेऊन पहिला प्रयोग केला. गहू सातूच्या पिठाला भाजतात तसा भाजला. सगळं सुपात पसरलं, ओल्या फडक्यानं झाकलं. रात्री गारवा वाढला म्हणून गोधडी घातली आणि झोपलो. सकाळी आतला थर हाताला चटका बसेल इतका तापलेला, तिसऱ्या दिवशी काळे-गुलाबी डाग. सगळं फेकलं. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते आणि ती ३० अंशांच्या आसपास राखावी लागते, हे पुस्तकात वाचलं होतं, पण रात्री दोनला उठून हातानं परतायचं असतं हे वाचलं नव्हतं. दुसऱ्या वेळी उठलो. तीन दिवसांत पिवळसर हिरवा मखमली थर आला आणि वास उकडलेल्या ओल्या शेंगांसारखा. ५ लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ घालून त्यात तो सोडला, चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला मलमल. उन्हाळाभर लोणच्याशेजारी गच्चीवर, रोज एकदा ढवळणं. पावसाळ्यात जिन्यात. दिवाळीला रंग विटकरी, संक्रांतीला तपकिरी. अकराव्या महिन्यात फडक्यातून पिळला तेव्हा साडेतीन लिटर निघाला. कोऱ्या चहासारखा लालसर, वास घेतला की तोंडाला पाणी. त्यातला एक लिटर वेगळा काढून कोल्हापूरहून मेव्हण्यानं पाठवलेली काकवी घालून मंद आंचेवर आटवला. तो आमचा काळा सॉस. वर दिलेली प्रमाणं याच्यावर आणि चांगल्या बाटलीच्या सॉसवर, दोन्हींवर पारखलेली आहेत.

हे वाचून कुणी घरात सापडेल त्या बुरशीवर प्रयोग करू नये, अशी हात जोडून विनंती. सॉसच्या बुरशीची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. सीलबंद, खात्रीचं विरजण नसेल तर हात लावू नका.

आपल्याकडे मागणं दोन. पाककृती छापताना सोया सॉस पातळ की काळा, चहाचा चमचा की मोठा, हे दर वेळी लिहावं आणि त्या ओळीपुढे मीठ 'शेवटी, लागलं तर' असं छापावं. दुसरं, खंडवा रोडवरच्या आपल्या सोयाबीन संस्थेपर्यंत आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेपर्यंत आपल्या पत्रातून ही गोष्ट पोहोचावी. भोपाळला सोया दूध आणि सोया पनीर बनवायला शिकवतात. तिथे आंबवलेल्या सोया सॉसचं शिक्षण आणि विरजण मिळू लागलं तर माळव्यातल्या बचत गटांच्या बाया तो सहज करतील. लोणचं-पापड करणाऱ्या हातांना ढवळणं आणि ऊन दाखवणं नवीन नाही. सांवेर आणि देपालपूरकडचा दाणा पोत्यातून बाहेर जातो, त्यातली मूठभर इथे बरणीत राहावी.

आपल्या पाककृती विभागाला करून बघायचं असेल तर माझ्याकडच्या दोन्ही सॉसची पाव-पाव लिटर बाटली आणून देईन. फ्रिजमध्ये ठेवावी लागेल, कारण त्यात संरक्षक नाही. वहिनींना एक आधीच दिली आहे. पुढच्या रविवारी त्या मटण करणार आहेत आणि चहाचा चमचा मी त्यांच्या डब्याला दोऱ्यानं बांधून आलोय.

आपला नम्र,
एक निवृत्त केमिस्ट
इंदूर